वैमानिकाचे पहिले वेतन : प्रवेशाची किंमत कोण मोजतो?

प्रवासी विमानाच्या वैमानिकाची नोकरी जगभर प्रतिष्ठेची आणि उत्तम वेतनाची समजली जाते. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांच्या ज्येष्ठ कॅप्टनांबाबत हा समज बऱ्याच अंशी खराही आहे. तथापि, २००० च्या दशकात त्याच देशातील प्रादेशिक विमान कंपन्यांत नव्याने रुजू होणाऱ्या सहवैमानिकाला पहिल्या वर्षी साधारणतः वीस हजार डॉलर्सच्या आसपासच वेतन मिळत असे. कौशल्य दुर्मीळ, प्रशिक्षण महागडे, जबाबदारी शेकडो प्राणांची आणि तरीही वेतन अल्प, ही विसंगती श्रमबाजाराच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारी आहे. तिची कारणे, तिचे परिणाम आणि नंतर घडून आलेले बदल यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वेतनाची रचना

अमेरिकेत वैमानिकाचे वेतन प्रामुख्याने उड्डाणाच्या तासांवर ठरते. विमान निर्गमनासाठी आपल्या जागेवरून हलल्यापासून ते गंतव्य विमानतळावर थांबेपर्यंतचा काळच सर्वसाधारणपणे हिशेबात धरला जातो. उड्डाणपूर्व तपासणी, दोन उड्डाणांमधील प्रतीक्षा किंवा हवामानामुळे झालेला खोळंबा यांचा मोबदला बहुधा मिळत नसे. कंपनी दरमहा सुमारे ७५ तासांच्या वेतनाची हमी देत असे.

एका काल्पनिक उदाहरणावरून ही बाब स्पष्ट होईल. समजा, सहवैमानिकाचा तासाचा दर २२ डॉलर्स आहे. ७५ तासांचे मासिक वेतन १,६५० डॉलर्स आणि वार्षिक वेतन १९,८०० डॉलर्स होईल. त्या महिन्यात कामानिमित्त तो २५० तास घराबाहेर राहिला असेल, तर घराबाहेरील प्रत्येक तासामागे त्याला ६.६० डॉलर्स मिळाले. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर्स आहे. घराबाहेरील प्रत्येक तास कामाचा नसतो आणि या काळासाठी अल्पसा भोजनभत्ताही मिळतो. त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. मात्र तासाचा दर आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांतील अंतर तिच्यावरून ध्यानात येते.

या रकमेतूनच प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते फेडावयाचे असत. शिवाय नेमणुकीचे ठिकाण बहुधा न्यूयॉर्क परिसरासारखे महागडे असे. म्हणून अनेक तरुण वैमानिक आईवडिलांकडे किंवा स्वस्त शहरात राहत आणि विमानातील रिकाम्या जागेवरून प्रवास करून कामाच्या ठिकाणी पोहोचत. विमानतळाजवळ अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत रात्र काढणे, प्रतीक्षागृहातील खुर्चीवर झोप घेणे, सुटीच्या दिवशी दुसरे काम करणे, हे काटकसरीचे रूढ मार्ग होते.

अल्प वेतनाची कारणे

पहिले कारण ज्येष्ठतेच्या पद्धतीत आहे. वेतन, विमानाचा प्रकार, नेमणुकीचे ठिकाण, सुट्या हे सारे ज्येष्ठता यादीतील क्रमांकावर अवलंबून असते. कंपनी बदलली की पूर्वीचा अनुभव कितीही असो, यादीच्या तळापासून आरंभ करावा लागतो. त्यामुळे वैमानिकाची सौदाशक्ती क्षीण होते. कामगार संघटनांतही ज्येष्ठ सभासदांचा आवाज प्रबळ असतो. जे अद्याप नोकरीत आलेलेच नाहीत, त्यांच्या वेतनासाठी आग्रह धरणारे थोडेच असतात.

दुसरे कारण उद्योगाच्या रचनेत आहे. १९७८ च्या कायद्याने अमेरिकी हवाई वाहतुकीवरील दर व मार्ग यांचे सरकारी नियंत्रण दूर झाले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी कमी गर्दीची उड्डाणे कंत्राटाने प्रादेशिक कंपन्यांकडे सोपविण्याची पद्धत वाढविली. विमानावर नाव व रंग मोठ्या कंपनीचा, तिकीटविक्री तिचीच. वैमानिक मात्र कंत्राटदार कंपनीचा. इंधनाचा खर्च बहुधा मोठी कंपनीच उचलत असल्याने कंत्राट मिळविण्याच्या स्पर्धेत प्रादेशिक कंपनीला कपात करण्याजोगी मुख्य बाब उरली ती वेतनाची. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अनेक मोठ्या कंपन्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या आणि हा दबाव आणखी वाढला.

तिसरे कारण उमेदवारांच्या अपेक्षांत आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच असे दाखवून दिले होते की, ज्या व्यवसायात थोड्यांना मोठे यश लाभते, तेथे तरुण आपल्या यशाची शक्यता वाजवीपेक्षा अधिक धरतात आणि व्यवसायात गर्दी होते. मोठ्या कंपनीतील कॅप्टनपदाची आशा हाच प्रारंभीच्या वेतनाचा अदृश्य भाग होता. परंतु ही आशाही २००० च्या दशकात लांबणीवर पडली. डिसेंबर २००७ मध्ये वैमानिकांच्या निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले. साहजिकच वरच्या जागा रिकाम्या होणे मंदावले आणि तळाशी असलेल्यांची प्रतीक्षा वाढली.

खाजगी ओढाताण, सार्वजनिक धोका

१२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोकडे निघालेले कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले. विमानातील सर्व ४९ जण आणि जमिनीवरील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून प्रवास करून नेवार्कला पोहोचली होती. कॅप्टनचे घरही दूर फ्लोरिडात होते. विमानाचा वेग धोकादायकरीत्या घटल्याची सूचना मिळाल्यानंतर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे संभाव्य कारण ठरविले. दोन्ही वैमानिकांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असावा, मात्र तो किती हे ठरविता येत नाही, असेही मंडळाने नमूद केले. अल्प वेतनामुळे अपघात घडला असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. परंतु या चौकशीमुळे प्रादेशिक वैमानिकांचे वेतन व त्यांचा दूरचा प्रवास हे विषय प्रथमच देशव्यापी चर्चेत आले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे बाह्य परिणामाचा प्रश्न उद्भवतो : थकव्याची जोखीम वेतनकरार करणाऱ्या दोन पक्षांपुरती मर्यादित राहत नाही, ती तिकीट काढणाऱ्या प्रवाशापर्यंत पोहोचते.

कायदा आणि त्याचे परिणाम

अपघातात दगावलेल्यांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये नवा विमान सुरक्षा कायदा संमत झाला. त्यानुसार २०१३ पासून सहवैमानिकालाही सामान्यतः १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. पूर्वी २५० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर ही जागा मिळू शकत असे. लष्करी वैमानिक व विमानशास्त्राचे पदवीधर यांना यात काही सवलत आहे. जानेवारी २०१४ पासून प्रवासी उड्डाणांच्या वैमानिकांना कामापूर्वी किमान १० तासांची विश्रांती बंधनकारक झाली.

या नियमांचे परिणाम दुहेरी होते. उमेदवारांचा पुरवठा आटला आणि प्रादेशिक कंपन्यांना वेतन वाढवावे लागले. २०२० च्या महासाथीत अनेक ज्येष्ठ वैमानिकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतल्याने टंचाई तीव्र झाली. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रादेशिक उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलर्सपर्यंत नेला. दशकभरापूर्वी जे वेतन परवडणारे नाही असे सांगितले जात होते, त्याच्या कित्येक पटींनी अधिक वेतन टंचाईच्या काळात परवडू लागले. दुसरीकडे, लहान शहरांच्या विमानसेवेला कात्री लागली. तसेच अल्प वेतनाचा काळ नाहीसा न होता काही प्रमाणात केवळ जागा बदलून गेला : १,५०० तास पूर्ण करण्यासाठी अनेक तरुण उड्डाण प्रशिक्षक म्हणून बेताच्या मोबदल्यावर काम करतात. तोवर कर्जावरील व्याज वाढतच राहते.

भारतासाठी बोध

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथे व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाची अट असून १,५०० तासांचा नियम सहवैमानिकाला लागू नाही. तथापि, प्रशिक्षणाचा मोठा खर्च येथेही मुख्यत्वे उमेदवाराच्या कुटुंबावर पडतो. फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी असो वा गोंदियाची प्रशिक्षण संस्था, परवाना हाती पडल्यानंतरही विशिष्ट विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि नोकरीची शाश्वती नसते. विश्रांतीच्या बाबतीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर केले. त्यांत वैमानिकांची साप्ताहिक सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्यात आली.

अमेरिकेच्या अनुभवातून तीन गोष्टी ध्यानात येतात. एखाद्या व्यवसायाचे आकर्षण सरासरी वेतनावरून जोखता येत नाही. प्रवेशाचा खर्च आणि पहिल्या पाच-सात वर्षांचे उत्पन्नही पाहावे लागते. प्रशिक्षणाचा खर्च सर्वस्वी उमेदवारावर टाकल्यास गुणवान पण निर्धन तरुण या व्यवसायाच्या दाराबाहेरच राहतात. आणि ज्या कामातील थकवा इतरांच्या जिवावर बेतू शकतो, तेथे कामाच्या अटी केवळ मागणी-पुरवठ्यावर सोपवून भागत नाही. विश्रांतीचा नियम झोपेसाठी वेळ देऊ शकतो. परंतु कामाच्या ठिकाणाजवळ राहण्याइतके वेतन नसेल, तर त्या वेळेचा मोठा भाग प्रवासातच खर्ची पडतो.