अक्षरांची भाऊबंदकी

रोजच्या वापरातील साधनाविषयी जिव्हाळा उत्पन्न होणे हा मनुष्यस्वभाव आहे. शेतकऱ्याला आपल्या बैलजोडीचा, गवयाला आपल्या तंबोऱ्याचा आणि जुन्या काळच्या कारकुनाला आपल्या टाकाचा अभिमान वाटत असे. त्यात वावगे काही नव्हते. परंतु त्या साधनावर एखाद्या कंपनीचे नाव आले आणि दुसऱ्या कंपनीचे साधन वापरणारा मनुष्य अडाणी वाटू लागला, म्हणजे जिव्हाळ्याचा अभिनिवेश होतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय मग यंत्रांनाही लागू होतो. व्यक्तिगत संगणकाच्या इतिहासात हा अभिनिवेश पहिल्यापासून आहे. त्याचे मराठी रूप मात्र निराळे झाले आणि त्याची किंमत आपण अद्याप पुरती फेडलेली नाही.

पाश्चात्य देशांत ही भांडणे यंत्रावरून झाली. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील शाळकरी मुले ‘स्पेक्ट्रम’वाले आणि ‘बीबीसी मायक्रो’वाले अशा दोन तटांत विभागली गेली होती. वास्तविक ही दोन्ही यंत्रे केंब्रिज या एकाच गावातल्या कंपन्यांची. अमेरिकेत आयबीएमचा व्यक्तिगत संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला आणि जानेवारी १९८४ मध्ये ॲपलने ‘मॅकिन्टॉश’ आणला. त्याच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीतील हुकूमशाहीची छाया होती आणि तिचा पडदा फोडणारी एक तरुणी होती. यंत्र विकत घेणे म्हणजे जणू स्वातंत्र्यलढ्यात उडी घेणे, असा तिचा भावार्थ होता. या जाहिरातीने केवळ गिऱ्हाईक नव्हे, तर अनुयायी निर्माण केले.

आपल्याकडे असे घडण्यास वाव नव्हता. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ योजना सुरू केली. तीत बीबीसी मायक्रो हेच यंत्र आले. सरकारने दिले ते शाळेने घेतले, निवडीचा प्रश्नच नव्हता. पुढे मध्यमवर्गीय घरांत संगणक आला तो बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. त्या खोक्याला नावच नसे, आणि ज्याला नाव नाही त्याचा अभिमान धरणार कसा? मराठी माणसाची निष्ठा म्हणून यंत्रावर न बसता अक्षरांवर बसली. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, सीडॅकचे ‘आयएसएम’ ही आपल्याकडची खरी घराणी. छपाईच्या कामात मुरलेल्या जुन्या डीटीपी ऑपरेटरला विचारून पाहावे. आपला संगणक कोणत्या कंपनीचा हे त्याला चटकन आठवणार नाही, पण आपली लिपी कोणती हे तो छाती पुढे काढून सांगेल आणि दुसरीत काय काय उणे आहे याची यादीही देईल.

तट कसे पडले

हे तट पडण्याचे कारण तांत्रिक होते. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला केवळ क्रमांक कळतो. जुन्या पद्धतीत एका फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असत आणि त्यांची मूळ वाटणी इंग्रजीसाठी झालेली होती. देवनागरी छापायची तर अर्धी अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरांचे तुकडे हे सारे त्याच जागांत कोंबावे लागे. कोणता तुकडा कोणत्या जागी ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरवले. एकीच्या ज्या जागेवर ‘क’ बसला, तेथेच दुसरीने ‘ळ’ बसवला. पडद्यावर दिसे ते मराठी, पण यंत्राच्या पोटात साठे ती इंग्रजी चिन्हांची खिचडी. ज्याच्याकडे तोच फाँट नसेल त्याला तो मजकूर उघडल्यावर अर्थहीन चिन्हेच दिसत. अशा मजकुरात शब्द शोधणे अवघड आणि यादी अकारविल्हे लावणे त्याहून अवघड. २००० सालच्या आगेमागे बहुतेक मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांना वेगवेगळे फाँट लागत. एका भाषेची चार वर्तमानपत्रे वाचायची तर चार फाँट उतरवून घ्यावे लागत.

नेरळच्या स्थानकाची गोष्ट

कर्जत तालुक्यातील वाचकाला हा प्रकार समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. नेरळच्या स्थानकात तो नित्य पाहावयास मिळतो. मुंबईहून येणारी गाडी साडेपाच फुटी रुळांवर धावते आणि १९०७ साली सुरू झालेली माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर. दोन्ही आगगाड्याच आहेत, पण एकीचा डबा दुसरीच्या मार्गावर जाऊ शकत नाही. उतारूला बाडबिस्तरा घेऊन उतरावेच लागते. मात्र माथेरानच्या अरुंद रुळांना डोंगराचे कारण आहे. तीव्र वळणे घेत चढायचे तर गाडी लहानच हवी. मराठीच्या या वेगवेगळ्या रुळांमध्ये डोंगर कोठेही नव्हता. होती ती फक्त कंपन्यांची सोय आणि तिच्यावर बसलेली आपली निष्ठा.

समजा, नेरळ-कळंब परिसरातील पोशीर गावच्या एका शिक्षकाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आसपासच्या ठाकर व कातकरी वाड्यांवर हिंडून गाणी, म्हणी आणि शब्द गोळा केले. नेरळच्या एखाद्या दुकानात बसून ते एका फाँटमध्ये टंकून घेतले. कर्जतच्या पंचायत समितीतील संगणकावर दुसरा फाँट, अलिबागला जिल्हा परिषदेत तिसरा. आज ते टिपण उघडले तर काय दिसेल? ज्या दुकानात ते टंकले गेले त्याने कदाचित आपला व्यवसाय बदललेला असेल. त्या काळच्या अनेक संचांना संगणकाच्या पाठीमागे लावायचे ‘डाँगल’ नावाचे कुलूप लागे. ते कुलूप आणि ते ज्यात बसे ते यंत्र, दोन्ही भंगारात गेलेली असतील. ज्या म्हाताऱ्यांनी ती गाणी सांगितली त्यांपैकी कितीजण हयात असतील? वहीत लिहिले असते तर कागद पिवळा पडला असता, पण वाचता आला असता. हे उदाहरण कल्पिलेले आहे. परंतु ग्रामपंचायतींची इतिवृत्ते, शाळांच्या स्मरणिका, गावोगावच्या यात्रांची माहितीपत्रके यांचा विचार केला, तर ते अतिशयोक्त आहे असे कोणी म्हणणार नाही. वापरणाऱ्यांचे भांडण उगीच गमतीचे वाटते, परंतु त्यात ओलीस राहतो तो मजकूर.

निष्ठेचीही बाजू आहे

तथापि या निष्ठावंतांची थट्टा करणे अन्यायाचे होईल. कारकुनाची निष्ठा ही हाताची निष्ठा असते. मिनिटाला तीस मराठी शब्दांचा वेग मिळवून त्याने प्रमाणपत्र घेतलेले असते आणि त्यावर नोकरी मिळालेली असते. बोटांना बसलेले ते वळण रेमिंग्टन किंवा गोदरेजच्या यंत्रावरचे. गोदरेजने १९५५ साली टंकलेखन यंत्रे काढण्यास आरंभ केला आणि २००९ च्या सुमारास ती थांबवली, पण कळफलक बोटांत राहिला. यंत्रावर पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर उमटवावे लागे. संगणकाची नवी रीत उच्चाराप्रमाणे, म्हणजे आधी अक्षर आणि मागाहून वेलांटी. वीस वर्षांची सवय एका परिपत्रकाने पुसून टाका, असे सांगणाऱ्या साहेबाला स्वतः टंकावे लागत नाही, हे त्या कारकुनाला पक्के ठाऊक असते.

शिवाय सौंदर्याचाही प्रश्न होता. खासगी कंपन्यांनी आणि सीडॅकने मराठीसाठी जे केले ते लहान नव्हे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅकने आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे नेले आणि साध्या डॉस संगणकावर भारतीय लिप्या आणल्या. खासगी संचांतील अक्षरे डौलदार होती. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यांत होते, ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ यांतला आडवा अर्धा ‘र’ नीट उमटे. याउलट नव्या पद्धतीची अक्षरे आरंभी हिंदी वळणाची होती. जोडाक्षरे कधी कधी फुटून पाय मोडलेली दिसत. छपाईच्या धंद्यात सर्वत्र चालणाऱ्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि ती नवी पद्धत जाणतच नव्हती. अशा वेळी जुन्याला चिकटून राहणारा मनुष्य हट्टी नव्हता, व्यवहारी होता. आज मात्र ही कारणे उरलेली नाहीत, उरली आहे ती सवय.

प्रतिस्पर्धी एकत्र बसले

ज्या नव्या पद्धतीचा उल्लेख वर केला तिचे नाव युनिकोड. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक, हे तिचे सूत्र. फाँट कोणताही असो, ‘क’ चा क्रमांक तोच. तिची कल्पना १९८७ च्या सुमारास झेरॉक्स आणि ॲपल या कंपन्यांतील तज्ज्ञांच्या चर्चेतून पुढे आली. १९९१ साली तिच्यासाठी संस्था स्थापन झाली तेव्हा ॲपल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच मेजाभोवती बसल्या. अनुयायी रस्त्यावर एकमेकांची उणीदुणी काढीत होते, आणि मालक मात्र आत बसून अक्षरांचे क्रमांक एकमताने ठरवीत होते! ग्राहकाने यातून घेण्यासारखा बोध आहे. कंपन्यांना स्पर्धा कोठे करावी आणि कोठे करू नये हे चांगले कळते. ते कळत नाही ते त्यांच्या भक्तांना.

आपल्या देशानेही यात मागे राहू नये म्हणून प्रयत्न केले होते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ हा भारतीय लिप्यांचा सामायिक कळफलक सुचवला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीबरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा फाँट मराठी कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडच्या पायावर. पुढे राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे फाँट विनामूल्य उपलब्ध करून दिले. तेव्हा ही व्यवस्था परक्यांनी आपल्यावर लादली, ही तक्रार इतिहासाला धरून नाही.

यावर असे विचारले जाईल की, मग सर्वांनी एकाच कळफलकावर लिहावे काय? इनस्क्रिप्टचे पुरस्कर्ते म्हणतात, रोमन अक्षरांतून मराठी टंकणारा विद्यार्थी मराठीचा विचारही रोमनमध्ये करू लागेल. रोमनवाले म्हणतात, ज्याला इंग्रजी कळा ठाऊक आहेत त्याला पुन्हा मुळाक्षरे कशाला शिकवता? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु हा वाद मुद्द्याचा नाही. लिहिण्याची रीत ज्याची त्याने ठरवावी. टंकलेखन यंत्राच्या वळणाचा कळफलकही आता युनिकोडमध्ये मिळतो, त्यामुळे जुन्या कारकुनाच्या बोटांवर कोणी घाला घालीत नाही. आग्रह हवा तो साठवणीच्या एकरूपतेचा. पाटीवर लिहा, बोरूने लिहा, डाव्या हाताने लिहा, पण अक्षर सर्वांना वाचता येईल असे काढा, इतकेच म्हणणे आहे.

शासनाने युनिकोडच्या वापराच्या सूचना वेळोवेळी काढल्या. तथापि जुना मजकूर सूचनेने बदलत नाही, तो कोणी तरी बसून बदलावा लागतो. त्यासाठी रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, परंतु ती निर्दोष नाहीत. रफार सरकतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, अर्धा ‘र’ हरवतो. म्हणून रूपांतरानंतर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करावे लागते. हे काम यंत्राचे नाही, मराठी जाणणाऱ्या माणसाचे आहे. प्रत्येक शाळेने, ग्रंथालयाने आणि ग्रामपंचायतीने आपल्याकडील जुन्या चकत्या आणि फायली एकदा काढून पाहाव्यात. ज्या फाँटमध्ये त्या आहेत त्याचा संच जवळपास जिवंत असेल तोवरच त्या छापून ठेवाव्यात, मग युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मूळ फाईलही टाकून देऊ नये. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शुद्धलेखनाचा याहून चांगला अभ्यास दुसरा कोणता मिळेल?

आजचा विद्यार्थी अँड्रॉइड श्रेष्ठ की आयफोन यावर तावातावाने भांडतो. भांडू द्यावे, ते वयच तसे आहे. परंतु त्या भांडणातही एक गोष्ट त्याच्या ध्यानात आणून दिली पाहिजे. एकाने आपल्या फोनवरून मराठीत केलेली टीका दुसऱ्याच्या फोनवर जशीच्या तशी उमटते, म्हणून तर त्यांना भांडता तरी येते. ती सोय कोणत्याही एका कंपनीची कृपा नव्हे, ते सामायिक नियमाचे फळ आहे. आधीच्या पिढीला एवढेही भाग्य नव्हते, तिचे शब्द नेरळच्या उतारूप्रमाणे फलाटावर खोळंबून राहिले. त्यांतले जेवढे आज पुढे नेता येतील तेवढे नेले पाहिजेत. कंपन्या येतील आणि जातील. त्यांच्या नावाने धरलेले रुसवे त्यांच्याबरोबरच संपतील. मराठी मात्र पुढच्या माणसाला वाचता आली पाहिजे, आणि ती जबाबदारी कोणत्याही कंपनीने घेतलेली नाही. ती लिहिणाराची आहे.