रंगपेटींतील हिरवा आणि झाडावरील हिरवा

गेल्या फाल्गुनांतील गोष्ट. आमची धाकटी नात शाळेसाठीं चित्र काढीत ओसरीवर बसली होती. विषय सोपा, 'आमच्या अंगणांतील झाड'. खोड झालें, फांद्या झाल्या. मग तिनें पेटींतील हिरव्या वडीवर ओला कुंचला फिरविला आणि पांच मिनिटांत सगळें झाड हिरवें करून टाकलें. काम झाल्यावर तिनें कागद हातभर लांब धरला, अंगणांतील आंब्याकडे पाहिलें, पुन्हां कागदाकडे पाहिलें आणि हिरमुसून म्हणाली, "आजोबा, माझं झाड प्लॅस्टिकचं दिसतंय !"

आम्हीं चष्मा सांवरून पाहिलें. पोरीचें म्हणणें खरें होतें. रेषा ठीक होत्या, फांद्यांचा डौलही साधला होता. दोष होता तो रंगाचा. पेटींतला हिरवा जसाच्या तसा झाडावर चढला होता, आणि तसा हिरवा आमच्या आंब्यावर कोठेंच नव्हता. त्या दुपारीं आजोबा आणि नात अशा दोघांनीं मिळून जो उद्योग केला, तो मुलें असलेल्या कोणत्याही घरीं उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

'हिरवा' हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटांत रंग अनेक आहेत, हें पुरुषांपेक्षां घरांतील स्त्रिया अधिक जाणतात. साड्यांच्या दुकानांत बसल्या कीं पोपटी, शेवाळी, मोरपंखी, मेंदी असे एकेक शब्द त्या उच्चारतात आणि दुकानदार नेमका तोच गठ्ठा सोडतो; आम्ही मात्र शेजारीं बसून सर्वांना हिरवेंच म्हणत असतों. अमरकोशांत ह्या रंगाला पालाश, हरित आणि हरित् असे शब्द दिले आहेत. पालाश म्हणजे पळसाच्या पानासारखा. 'हरि' ह्या शब्दाला तर पिवळसर, पिंगट आणि हिरवा असे सगळेच अर्थ कोशांत आढळतात, आणि हळदीचें 'हरिद्रा' हें नांव त्याच कुळांतलें. भाषेनें पिवळा आणि हिरवा ह्यांना शेजारीं बसविलें आहे. रंगाच्या बशींतही ते शेजारींच बसतात, हें पुढें दिसेल.

प्रथम आम्ही दोघें कागद ओसरीवर ठेवून झाडाखालीं गेलों. एक जून पान तोडून सूर्याकडे धरलें. उजेड त्यांतून आरपार येत होता आणि पान पिवळसर पोपटी दिसत होतें. तेंच पान आडवें धरून वरून पाहिलें. त्याच्या तुकतुकीत पाठीवर आकाश उतरलें होतें आणि रंग निळसर, जवळजवळ रुपेरी झाला होता. पान उलटें केलें तों खालची बाजू फिकट व मळकट निघाली. गर्द फांद्यांच्या आंतली पानें काळपट होतीं. एकाच झाडावर, एकाच घटकेला, आम्हीं चार हिरवे मोजले. पांचवा एक रंग शेंड्यावर होता, त्याविषयीं शेवटीं सांगूं.

पानाच्या अंतरंगांतही हीच गंमत आहे. ज्या द्रव्यामुळें पान हिरवें दिसतें तें हरितद्रव्य मुख्यतः दोन प्रकारचें असतें. एक निळसर हिरवें, दुसरें पिवळसर हिरवें. त्यांच्या जोडीला गाजराच्या वर्गांतलीं पिवळीं द्रव्यें असतात. म्हणजे झाड स्वतःच निरनिराळे रंग मिसळून आपला हिरवा बनवीत असतें. मग चित्र काढणारानें तयार वडीवर विसंबून कां राहावें ?

आतां बशीकडे वळूं. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हें पहिलींतलें मूलही सांगतें. परंतु असें कां होतें, हें ठाऊक असलें म्हणजे पुढचें सगळें सोपें जातें. पांढऱ्या उजेडांत सर्व रंग असतात. पिवळें द्रव्य त्यांतला निळा उजेड गिळतें आणि तांबडा, पिवळा व हिरवा सोडून देतें. निळें द्रव्य तांबडा व पिवळा गिळतें आणि निळ्याबरोबर थोडासा हिरवाही सोडतें. दोन्हीं एकत्र आलीं कीं, दोघांच्याही तावडींतून सुटतो तो बहुतेक हिरवाच. जो निळा जात्याच हिरवटाकडे झुकलेला, त्याला तसाच हिरवट पिवळा जोडला तर मिश्रण लखलखीत होतें. जो निळा जांभळटाकडे झुकलेला, त्याला नारिंगी झांक असलेला पिवळा जोडला तर मिश्रण मंद, मातकट होतें. मातकट म्हणजे वाईट असें मात्र समजूं नये. झाडावर लखलखीत हिरवा थोडा, आणि मंद हिरवाच पुष्कळ असतो.

ह्या तत्त्वावर आम्हीं नातीकडून एक पाढा करवून घेतला. कागदावर उभे-आडवे तीन-तीन घर आंखले. डाव्या बाजूस तीन पिवळे: लेमन यलो, गंबोज आणि पिवळ्या मातीचा यलो ऑकर. वरच्या बाजूस प्रशियन ब्लू, अल्ट्रामरीन आणि काळा. काळा पाहून ती चकित झाली; पण पेटींतल्या काळ्याचा स्वभाव बहुधा निळसर असतो आणि पिवळ्यांत मिसळला कीं तो निळ्याचें काम करतो. तीन गुणिले तीन, नऊ घरें भरलीं. एकही घर दुसऱ्यासारखें नव्हतें, आणि एकही त्या तयार वडीसारखें नव्हतें !

त्या नऊ घरांतील जीं घरें विशेष उपयोगी, तीं येथें देतों. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू ह्यांचा हिरवा सर्वांत टवटवीत. भाताच्या रोपांना, केळीच्या नव्या पानाला तोच लागतो. गंबोज आणि अल्ट्रामरीन ह्यांपासून आंब्या-फणसाच्या जून पानाचा भारदस्त हिरवा मिळतो. यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन मिळून धुळीनें माखलेल्या, उन्हाळ्यांतल्या रस्त्याकडेच्या झाडाचा हिरवट राखी रंग होतो. लेमन यलोंत किंचित् काळा घातला कीं शेवाळी. तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं पावसाळ्यांत जो दाटतो तो हाच.

हें करतांना कांहीं पथ्यें पाळावीं. पहिलें म्हणजे, आधीं पिवळा भरपूर घ्यावा आणि त्यांत निळा कुंचल्याच्या टोकानें, थेंबाथेंबानें घालावा. प्रशियन ब्लू फार जोरकस असतो. निळ्यांत पिवळा घालूं लागलें तर वडी संपते पण निळा हटत नाहीं. दुसरें, पाण्याचे पेले दोन असावे, एक कुंचला धुण्यास व एक रंग कालविण्यास. तिसरें, दोन रंग मिसळावे, फार तर तिसऱ्याचा स्पर्श द्यावा. चौथा आला कीं चिखल झालाच म्हणून समजावें. चौथें, जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हां ओला असतांना तो जरा गडद वाटला पाहिजे. प्रत्येक मिश्रण प्रथम रद्दी कागदाच्या पट्टीवर लावून, वाळवून मगच चित्रावर न्यावें.

रंग बशींतच मिसळला पाहिजे असेंही नाहीं. पिवळा कागदावर लावून पूर्ण वाळूं द्यावा आणि त्यावर पातळ निळ्याचा हात एकदांच, न घासतां फिरवावा. खालचा पिवळा वरच्या निळ्यांतून उजळतो आणि उन्हांतून आरपार दिसणाऱ्या पानाची जी झळाळी, ती थोडीबहुत साधते. किंवा ओल्या कागदावर दोन्ही रंग शेजारीं शेजारीं सोडून द्यावे आणि त्यांचे ते मिसळूं द्यावे. रंग तेच दोन, पण तीन रीतींनीं तीन हिरवे.

पेटींतला तयार हिरवा मग फेंकून द्यावयाचा काय ? मुळींच नाहीं. त्याला एकट्याला सोडूं नये, इतकेंच. सॅप ग्रीनमध्यें यलो ऑकर घातला कीं त्याचा भडकपणा शमतो. व्हिरिडियन हा निळसर थंड हिरवा. त्यांत बर्न्ट सायना, म्हणजे भाजलेल्या तांबूस मातीचा रंग, मिसळला कीं गर्द झाडींतला खोल हिरवा तयार होतो. त्यांत क्रिम्सन घातला तर हिरवा व तांबडा एकमेकांना मारतात आणि सावलीला लागणारा जिवंत करडा रंग हातीं येतो. दूरच्या डोंगरासाठीं हिरव्यांत निळा आणि पाणी वाढवावें. मधल्या हवेमुळें सह्याद्रीच्या लांबच्या रांगा निळ्याच दिसतात.

चित्रकारांना हिरव्यासाठीं इतकी खटपट पिढ्यान्‌पिढ्या करावी लागली आहे. युरोपांत शील ह्या रसायनशास्त्रज्ञानें १७७५ सालीं तांबें व सोमल ह्यांपासून एक हिरवा बनविला. १८१४ मध्यें जर्मनींत त्याच कुळांतला त्याहून तेजस्वी असा एमराल्ड ग्रीन निघाला. भिंतीचे कागद, कृत्रिम फुलें अशा कितीतरी वस्तूंवर हे रंग चढले, आणि सोमलाच्या विषबाधेचा बोभाटा होईपर्यंत बराच काळ गेला. व्हिरिडियनच्या कृतीचें पेटंट पॅरिसमध्यें गिन्ये ह्यानें १८५९ सालीं घेतलें. आज पुष्कळ तयार हिरव्यांत जें थॅलोसायनीन द्रव्य असतें, तें बाजारांत आलें १९३८ मध्यें. ह्या मधल्या काळांत लंडनच्या उद्यानसंस्थेसाठीं फळांचीं चित्रें काढणारा विल्यम हूकर आपला हिरवा स्वतः मिसळीत असे, प्रशियन ब्लू आणि गंबोज ह्यांपासून. त्याच्या नांवाचा हूकर्स ग्रीन अजून दुकानांत मिळतो. मूळचा गंबोज हा एका झाडाचा चीक असून त्याचें नांव कंबोडिया देशावरून पडलें. आपला कोंकणांतला रातांबा त्याच झाडाचा भाऊबंद होय. आतां पेटींत त्या नांवाखालीं बहुधा दुसरेंच द्रव्य असतें.

आपल्याकडे अजिंठ्याच्या भिंतींवर जो हिरवा आहे, तो हिरव्या मातीचा. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अशी माती सांपडते. पुढें पोथ्यांतील व दरबारी लघुचित्रांतील चितारी नीळ आणि हरताळ मिसळून हिरवा करूं लागले. हरताळ हें गंधक व सोमल ह्यांचें पिवळेंधमक खनिज. तें विषारी आहे, तेव्हां कोणी घरीं प्रयोग करूं नये. ह्याच हरताळाचा आणखी एक उपयोग होता. पोथी लिहितांना अक्षर चुकलें तर लेखक त्यावर हरताळ फांसून तें झांकीत. 'हरताळ फांसणें' हा आपला वाक्प्रचार त्यावरूनच आला.

येथें आम्हांला एक कबुली देणें भाग आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं आम्ही संस्कृत शिकवीत होतों, आणि चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नसल्यामुळें तो तासही आमच्याच गळ्यांत होता. अशाच फाल्गुनांत एका मुलानें आंब्याचें झाड रंगवून आणलें. खालीं हिरवें, पण शेंड्याचीं पानें तांब्याच्या भांड्यासारखीं लालसर. आम्हीं लाल शाईनें लिहिलें, 'पानें हिरवीं असतात', आणि दहापैकीं तीन गुण दिले. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्या दारचा आंबा असाच आहे." आम्हीं म्हटलें, "खालीं बस." तो बसला. त्यानंतर वर्षभर त्यानें प्रत्येक झाडाला पेटींतला हिरवाच लावला आणि आम्ही त्याला आठ आठ गुण देत गेलों.

आंब्याची नवी पालवी तांबूस असते. कोंवळ्या पानांत तांबडें द्रव्य अधिक असतें. हरितद्रव्य जसजसें भरत जातें, तसतसें पान हिरवें होतें. त्या मुलानें झाड पाहिलें होतें, आम्हीं पाहिलें नव्हतें. वर्गाच्या खिडकींतूनसुद्धां आंबा दिसत असे. पोथींतल्या चुकीवर हरताळ फांसणारा लेखक निदान मूळ प्रत शेजारीं ठेवून पाहात असे. आम्हीं तेवढेंही न करतां बरोबर लिहिलेल्या अक्षरावर हरताळ फांसला. तो मुलगा आतां कोठें आहे, पुढें त्यानें कधीं कुंचला हातीं धरला कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

नातीनें त्या दिवशीं संध्याकाळपर्यंत दुसरें झाड रंगविलें. नऊ घरांचा पाढा शेजारीं होता. शेंड्यापाशीं आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, ही लाल पानं दाखवूं का ? बाई चूक म्हणाल्या तर ?" आम्हीं म्हटलें, "दिसतात ना ? मग दाखव." तिनें बर्न्ट सायनांत क्रिम्सनचा थेंब घालून शेंडा रंगविला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेला निघतांना आम्हीं पालवीची एक डहाळी तोडून चित्राच्या गुंडाळीबरोबर तिच्या हातीं दिली.

संध्याकाळीं ती चित्र घेऊन परत आली. डहाळी मात्र आणली नव्हती. ती बाईंनीं वर्गांत टेबलावर पाण्याच्या पेल्यांत ठेवून घेतली होती.