सांगायला निघालेला मुलगा

२०१९ सालच्या उन्हाळ्यात मी मुलीकडे अमेरिकेत, यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत तीन महिने राहिलो होतो. शेजारचा मुलगा त्याच दिवसांत दोन वर्षांसाठी घर सोडून निघाला होता. कालपर्यंत अर्ध्या चड्डीत अंगणातले गवत कापणारा हा पोरगा त्या सकाळी पांढरा सदरा, टाय आणि काळा सूट घालून उभा होता. वडील मोटारीत बॅगा ठेवत होते आणि आई त्या पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. मुलगा परगावी निघाला की आपल्याकडची आईसुद्धा हेच करते.

हे कुटुंब मॉर्मन. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये स्थापन केलेल्या या ख्रिस्ती पंथाचे मुख्य ठाणे सॉल्ट लेक सिटी. इथल्या मुलांनी शिक्षण मध्येच थांबवून दोन वर्षे धर्मप्रचाराला जावे, अशी अपेक्षा असते. पूर्वी त्यासाठी एकोणीस वर्षांची अट होती, २०१२ पासून अठरा पुरे झाली. कुठे जायचे हे मात्र मुलाने ठरवायचे नसते. पत्र येईल, ते म्हणेल तिकडे जायचे. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला बदलीची ऑर्डर आठवली. फरक इतकाच की इथे पगार नाही. उलट मुलाने किंवा घरच्यांनीच दरमहा पैसे भरायचे. त्या वेळी ही रक्कम ४०० डॉलर होती, २०२० मध्ये ती ५०० झाली.

या मुलाला पत्र आले पेरू देशाचे. तिथली भाषा स्पॅनिश. म्हणून आधी सहा आठवडे प्रोव्हो इथल्या प्रशिक्षण केंद्रात राहायचे. प्रोव्हो सॉल्ट लेक सिटीहून जेमतेम सत्तर किलोमीटर. मुंबईहून कर्जतला जावे, तेवढेच. पण निरोप घ्यायचा तो केंद्राच्या दारातच. आईबाप मोटारीतून उतरतात, मुलाला मिठी मारतात आणि परत फिरतात. मुलाच्या छातीवर काळी पट्टी लागते, तिच्यावर नुसते आडनाव आणि मागे ‘एल्डर’. ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा! मिसरूड जेमतेम फुटलेला मुलगा एका दुपारीत वडीलधारा होतो, ही गंमतच म्हणायची.

केंद्रातला दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत बांधलेला. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला आणि त्याला सोडून कुठेही जायचे नाही. आठवड्यातून एक दिवस थोडा मोकळा, तो कपडे धुण्यात आणि घरी पत्र लिहिण्यात जातो. पूर्वी घरी फोन करायचा तो नाताळात आणि मातृदिनी, वर्षातून दोनदाच. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. शेजारीणबाई त्या दिवशी सकाळपासून फोन हातातून ठेवत नसत. बोलणे झाले की कुंपणापाशी येऊन मला आणि माझ्या मुलीला सगळे सांगत.

मुलाची पहिली तक्रार होती ती क्रियापदांची. इंग्रजीत आणि आपल्यातही ‘असणे’ एकच. स्पॅनिशमध्ये ती दोन, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. मी यूटाचा आहे, यासाठी एक. मी दमलो आहे, यासाठी दुसरे. दुसरी अडचण ‘तू’ आणि ‘आपण’ची. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला सगळे जग एकाच ‘यू’मध्ये बसवायची सवय. इथे परक्या माणसाला, वडीलधाऱ्याला ‘उस्तेद’ म्हणायचे. प्रार्थनेत देवाला मात्र ‘तू’. स्पॅनिशमधला हा शब्द उच्चारालाही आपल्यासारखाच, ‘तू’. देवाला आणि आईला अरेतुरे करणाऱ्या आम्हा मराठी माणसांना यात नवल ते काय? पण बाई म्हणाल्या, देवाशी इतक्या जवळिकीने बोलताना त्याला पहिल्या रात्री अवघडल्यासारखे झाले.

या केंद्रातले शिक्षक म्हणजे नुकतेच दोन वर्षे पुरी करून आलेले तरुण, बहुतेक तिथल्याच ब्रिगम यंग विद्यापीठात शिकणारे. तेच कधी पेरूचे किंवा मेक्सिकोचे गृहस्थ बनून खुर्चीत बसतात आणि मुलांनी त्यांच्याशी तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये बोलायचे असते. पहिल्याच आठवड्यात असा प्रसंग आला. आमच्या मुलाने चार वाक्ये घोकून ठेवली होती. समोरचे ‘गृहस्थ’ खाली मान घालून काहीतरी बोलले. मुलाला त्यातले ‘मामा’ एवढेच कळले. स्पॅनिशमध्ये मामा म्हणजे आई. तो हसून म्हणाला, ‘मुय बिएन’, म्हणजे फार छान! आणि पाठ केलेले पुढचे वाक्य म्हणू लागला.

ते गृहस्थ सांगत होते, गेल्या महिन्यात माझी आई वारली.

प्रसंग नाटकातला, पण त्या रात्री मुलाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तो नवे वाक्य शिकला, ‘लो सिएन्तो’. दुसऱ्याच्या दुःखात म्हणायचे हे दोन शब्द. अक्षरशः अर्थ, ‘मला ते जाणवते’.

हे ऐकताना मला माझी एक चूक आठवली. तिशीत असताना बँकेने मला कर्नाटकातल्या एका खेड्यात पाठवले होते. कन्नडमधला ‘हौदु’, म्हणजे होय, एवढा शब्द मला येत होता आणि तो मी सढळ हाताने वापरी. एक शेतकरी बराच वेळ बोलत राहिला, मी हसून ‘हौदु, हौदु’ केले, तो हात जोडून गेला. मग शिपायाने सांगितले, साहेब, त्याचे पीक बुडाले, हप्ता पुढे ढकलता येईल का, असे तो विचारत होता. मी होकार देऊन बसलो होतो! तसा अधिकार मला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन ‘नाही’ सांगावे लागले. त्याचा तो चेहरा अजून विसरलेलो नाही.

धर्मप्रचार म्हटला की आपल्या मनात अढी असते आणि ती उगीच नाही. १५६० मध्ये गोव्यात आलेल्या धर्मन्यायालयाच्या जुलमाची आठवण पुसलेली नाही. पण त्याच गोव्यात १५७९ मध्ये उतरलेला इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स आपली भाषा शिकत राहिला आणि १६१६ मध्ये त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सहा आठवडे नव्हेत, सदतीस वर्षे! आला होता सांगायला, पण सांगण्यासाठी त्याला आधी आपल्या संतांची ओवी कान देऊन ऐकावी लागली.

या मुलाच्या पंथाशी मला कर्तव्य नाही. तो पेरूत कोणाला काय पटवील, ते लोक आणि तो पाहून घेतील. पण जगाला शिकवायला निघालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आधी सहा आठवडे बोबडे बोलायला लावतात, हे मला आवडले.

प्रोव्हो सोडण्याआधीच्या फोनवर आईने विचारले, आता येते का रे स्पॅनिश? तो म्हणाला, फारशी नाही. पण एक वाक्य पक्के आले आहे, ‘मास देस्पासियो, पोर फाव्होर’. म्हणजे, जरा हळू बोला हो.

बाई हे सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मला वाटले, पोर आता तयार झाले. मीही त्या शेतकऱ्याला एवढेच म्हटले असते, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात मान खाली घालून उभे राहावे लागले नसते.