दूरध्वनीवरील प्रश्नोत्तरे

देशातील लोकांचे जीवन कसे आहे हे जाणून घेण्यासाठी प्रत्येक घरी जाणे शक्य नसते. म्हणून काही माणसे निवडून त्यांनाच प्रश्न विचारतात. यास नमुना पाहणी म्हणतात. पुष्कळदा ही पाहणी दूरध्वनीवरून होते. सन २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे घरोघर जाणे दुरापास्त झाले, तेव्हा आपल्याकडील रोजगारविषयक सरकारी पाहणीचा काही भागही असाच पार पडला.

दूरध्वनीवर एकास दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही. उत्तर देणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली, तरी विचारणाऱ्यास ती कशी कळावी? सारा व्यवहार शब्दांवर व आवाजावर चालतो. यासाठी प्रश्नकर्त्यास काही नियम घालून दिलेले असतात. त्याने प्रथम आपली ओळख व पाहणीचा हेतू सांगावा, संमती घ्यावी, लिहून दिलेला प्रश्न जसाच्या तसा वाचावा आणि उत्तर कधीही सुचवू नये.

शब्दांविषयी एवढी दक्षता कशासाठी? सन १९४१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. 'लोकशाहीविरुद्ध भाषणे करण्यास परवानगी असावी काय?' या प्रश्नास शंभरांपैकी ६२ जणांनी 'नसावी' असे उत्तर दिले. दुसऱ्या गटास 'अशा भाषणांवर बंदी घालावी काय?' असे विचारले, तेव्हा 'घालावी' म्हणणारे ४६ च निघाले. आशय एकच, परंतु शब्द बदलताच उत्तरे बदलली.

मग शब्द कायम ठेवले की काम भागले काय? तसेही नाही. शोबर व कॉनराड या संशोधकांनी सन १९९७ मध्ये दूरध्वनीवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात उत्तरे देणाऱ्यांना काल्पनिक माहिती पुरवून तिच्यावरून प्रश्न विचारले होते. 'घरासाठी फर्निचर घेतले काय?' हा त्यांपैकी एक प्रश्न. आता, उभा दिवा घेतला असेल तर तो फर्निचरमध्ये धरावा की नाही? पाहणीच्या व्याख्येत दिवे येत नव्हते. पण उत्तर देणाऱ्यास ते कसे ठाऊक असणार? प्रश्नकर्ता केवळ प्रश्न वाचून थांबे, तेव्हा अशा अवघड प्रसंगी शंभरांपैकी २८ उत्तरेच बरोबर आली. अर्थ समजावून सांगण्याची मुभा मिळताच हे प्रमाण ८७ झाले. वेळ मात्र अधिक लागला.

पाहणीतील आकडे अशा प्रश्नोत्तरांतूनच तयार होतात आणि त्यांवरून पुढे योजना आखल्या जातात. म्हणून विचारणाऱ्याने उत्तर सुचवू नये, अर्थ मात्र सांगावा. आणि उत्तर देणाऱ्याने न समजलेल्या प्रश्नाचा अर्थ विचारण्यात कमीपणा मानू नये. नुसत्या 'हो'पेक्षा 'मला समजले नाही' हे उत्तर अधिक प्रामाणिक असते.