कोपर मोडले तर : चोळू नका, आवळू नका



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांच्या पलीकडे जात नाही. या खेपेस जाणार आहोत. गटागटांतून फिरताना हात गळ्यात अडकवलेला कोणी ना कोणी सभासद भेटतोच. कोणी ओल्या बांधावरून घसरलेला असतो, तर कोणी मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पडलेला. ते आमच्याकडे बघून विचारतात, "साहेब, तुमचं कोपर मोडलं होतं ना? मग हात सरळ कसा झाला?" प्रत्येकाला बांधावर उभे राहून सांगत बसण्यापेक्षा एकदाच खुलासेवार लिहावे असे ठरवले.

गोष्ट २०२२ च्या जुलै महिन्यातली. आडसालीच्या लागणी चालू होत्या. शेतकी कार्यालयासाठी थोडे विजेचे सामान हवे होते म्हणून गट सुपरवायझरना सोबत घेऊन आम्ही पुण्यास गेलो. विजेचे सामान घ्यायचे तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठावी, हे आपल्या भागात पंप-मोटारी बसवणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पाऊस चालू होता. सामान घेतले, तांबड्या जोगेश्वरीचे दर्शन घेतले आणि राहिलेली एक वस्तू पाहायला एका जुन्या वाड्यातल्या माडीवरच्या दुकानात गेलो. उतरताना लाकडी जिन्याची पायरी ओली, चप्पल झिजलेली. दोष चपलेचाच धरायला हवा, कारण ती बदलायची म्हणून आम्ही दोन महिने चालढकल करत होतो. डावे कोपर पायरीच्या कडेवर आपटले आणि वाळकी कांडी मोडावी तसा आवाज आला.

कोपराच्या मागच्या टोकाशी बोट लावले तर मधे खाच लागत होती. हात वाकत होता, पण वर उचलून सरळ करू म्हटले तर होईना. लोक जमले. एकाने मनगट धरले आणि म्हणाला, "थांबा, एक झटका देतो, बसेल जागेवर." आमचे सुपरवायझर म्हणाले, "साहेब, रात्रीच्या एस.टी.नं निघू. गावाकडं हाडवैद्य आहे, सकाळी बांधून घेऊ." आणि खरे सांगायचे तर आमचीही मान हलली होती.

खालच्या दुकानातले म्हातारे गृहस्थ मात्र ओरडले, "अहो, सोडा तो हात! ऊस आहे का तो, पिळायला? आधी फोटो काढा." त्यांनी खोक्याचा जाड पुठ्ठा कापला, हात होता त्याच स्थितीत त्यावर टेकवला, पंचाची झोळी करून गळ्यात अडकवली आणि रिक्षा बोलावली. पुणेरी माणूस बोलायला तिखट असतो म्हणतात, पण त्या दिवशी त्या तिखटपणाचा आम्हास उपयोगच झाला.

त्यांचे ऐकले याला आणखी एक कारण होते. झटका द्यायची भाषा ऐकताच आम्हास आमच्या चुलतभावाचा हात आठवला. लहानपणी तो चिंचेवरून पडला, कोपराच्या वरच्या अंगाला मोडले. गावातच वेळूच्या कामट्या लावून करकचून बांधले. पोरगे रात्रभर ओरडत होते. बोटे सुजली, मग गार पडली. "हाड बसतंय, दुखणारच," असे म्हणत घरातली मोठी माणसे गप्प बसली. पहाटे तो रडायचा थांबला तेव्हा सर्वांना वाटले, उतार पडला. उतार नव्हता, हात बधिर झाला होता. पुढे हाड जुळले, पण बोटे आत वळली ती वळलीच. आज त्याला त्या हाताने कोयता धरता येत नाही.

त्याचे कारण आम्हास पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले. कोपराच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते आणि मागून एक शीर जाते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच ती शीर. हाड मोडले की सूज येणारच. वरून कामट्या आवळल्या की त्या सुजेला जागा मिळत नाही, दाब वाढतो, रक्त बंद होते आणि काही तासांतच आतले स्नायू मरू लागतात. मेलेल्या स्नायूचा चामड्यासारखा दोर होतो आणि तो बोटे ओढून धरतो. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ साली याचे वर्णन केले, म्हणून आजही या व्यंगास त्यांचेच नाव आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांत, कोपराच्या वर मोडले असता हा धोका विशेष. तेव्हा पट्टी कोणीही बांधलेली असो, अगदी दवाखान्यातले प्लास्टर असो, बोटांकडे लक्ष ठेवायचे. बोटे गार, पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या येऊ लागल्या, बोट सरळ करताच पोर किंचाळले, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजता का होईना, पट्टी सैल करून घ्यायची आणि दवाखाना गाठायचा.

कोणी म्हणेल, हे इंग्रजी औषधवाल्यांचे बोलणे झाले. तसे नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचा स्वतंत्र अध्याय आहे. झाडांच्या सालींच्या पट्ट्या लावून कसे बांधावे हे त्यात सांगितले आहे. पण त्यातच स्पष्ट बजावले आहे, की बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट झाला तर सूज, वेदना आणि कातडी पिकणे हे होते. थंडीच्या दिवसांत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असेही आहे. म्हणजे करकचून बांधून महिनाभर न बघणे हे आपल्या जुन्या शास्त्रातही बसत नाही. हाडवैद्यांशी आमचे वैर नाही. कित्येकांची मनगटे त्यांच्या हातून बरी झालेली आम्ही पाहिली आहेत. पण कोपरात तीन हाडे एकमेकांत बसलेली असतात, तिथे अंदाज चालत नाही. फोटो काढल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये.

आमच्या फोटोत कोपराचे टोक मोडून वर सरकलेले दिसले. दंडाच्या मागचा मोठा स्नायू या टोकाला जोडलेला असतो. टोक तुटले की स्नायू ते वर ओढतो, म्हणून नुसते प्लास्टर घालून फट मिटत नाही. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दोन सरळ तारा हाडातून घातल्या आणि त्यांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार पिळून बसवली. यातली युक्ती आम्हास फार आवडली. कोपर वाकवले की स्नायू ओढतो आणि त्या ओढीनेच तारेखालची हाडाची दोन्ही टोके एकमेकांवर अधिक दाबली जातात. ज्या ओढीने हाड फाकले, तीच ओढ कामाला लावलेली. ज्यांचे हाड नुसते चिरलेले असते, सरकलेले नसते, त्यांना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. दोन-तीन आठवडे अर्धे प्लास्टर पुरते. कोणते काय, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

आम्हास वाटले, काम झाले. खरे काम पुढेच होते. कोपर हा फार मानी सांधा आहे. बसवून ठेवला की आखडतो आणि जबरदस्ती केली की त्याहून आखडतो. पहिल्याच दिवसापासून बोटे आणि खांदा हलवायला लावले, आठवड्याभरात कोपरही. तेही आपल्या आपण, सोसेल तेवढेच, दिवसातून चार-पाच वेळा. चहाचा कप तोंडाशी येत नव्हता, सदऱ्याचे वरचे बटण लागत नव्हते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून हात कुठवर सरळ होतो ते रोज मापायचो. उसाच्या कांड्या मोजायची सवय इथे कामी आली.

चौथ्या आठवड्यात आमच्या हातून चूक झाली. आई म्हणाली, "कोमट तेल लावून जरा रगडते, मोकळा होईल." आईचे मन मोडवेना. दोन दिवस रगडून घेतले. शेजारच्यांनी पाण्याची बादली धरून उभे राहायला सांगितले, तेही केले. तिसऱ्या दिवशी कोपर गरम, टम्म सुजलेले. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी शाळेतल्या पोरासारखे झापले. मोडलेल्या कोपराला चोळले, हिसके दिले, वजन टांगले, तर कधी कधी स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि मग सांधा कायमचा अडकतो. आमचे नशीब, तसे झाले नाही. पण चौकटीवरच्या खुणा दोन आठवडे मागे गेल्या.

सहा आठवड्यांच्या फोटोत हाड जुळू लागलेले दिसले. तीन महिन्यांनी मोटारसायकल चालवली. ओझे उचलायला त्याहून वेळ लागला आणि हात मोकळा होण्याचे काम पुढे वर्षभर हळूहळू चालूच होते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हाड उशिरा जुळते, हे डॉक्टरांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे. ज्यांनी समजायचे त्यांनी समजावे. आज आमचा हात पूर्ण सरळ होत नाही, सुमारे दहा अंश कमी पडतो. पण जेवणे, टोपी घालणे, शेतात दोरी धरून सरी मापणे, कशालाच अडत नाही. रोजच्या कामाला कोपर पूर्ण सरळ किंवा पूर्ण मिटलेले लागतही नाही.

टेबलावर कोपर टेकले की तारा टोचत, म्हणून वर्षाने त्या काढून घेतल्या. शेतकी कार्यालयात आमच्या टेबलावर बेण्याच्या नमुन्यांशेजारी त्या बाटलीत ठेवल्या आहेत, दोन्ही फोटोही तिथेच आहेत. कोणास पाहायचे असतील त्यांनी कार्यालयाच्या वेळेत यावे.