आवाज सांभाळणारा व्यवसाय

गणेशोत्सवाचे दहा दिवस संपले की आपल्या मलकपेठेतल्या अनेक मराठी घरांत घसे बसलेले असतात. आरत्या, नाटकाच्या तालमी, माइकवरच्या सूचना! चार दिवसांत आवाज परत येतो. पण रोज पाच-सहा तास शिकवणाऱ्या शिक्षिकेचा किंवा भजन गाणाऱ्याचा आवाज परत आलाच नाही, तर? "बारावीनंतर काय?" असे विचारणाऱ्या मुलांपुढे आम्ही हा प्रश्न ठेवतो.

बोलताना स्वरयंत्रातल्या दोन स्वरपट्ट्या एकमेकींवर आदळतात. पुरुषांत सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, स्त्रियांत 200च्या आसपास. सतत ताण पडला की तळहाताला घट्टे पडावेत तशा त्यांवर गाठी येतात. अशा बऱ्याच गाठी शस्त्रक्रियेविना, श्वास आणि आवाजाच्या व्यायामांनी कमी होतात. ते शिकवतो स्पीच थेरपिस्ट. निदान मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर आधी त्यांच्याकडे जावे. क्वचित त्यामागे कर्करोगही असतो.

या व्यवसायाची पदवी म्हणजे बीएएसएलपी. बारावी विज्ञाननंतर चार वर्षे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. श्रवण आणि वाचा दोन्ही शिकवतात. आवाजाची विशेष आवड असेल तर पुढे एमएस्सी. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रावर स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. म्हणून फी भरण्याआधी त्या कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे पालकांनी स्वतः पाहावे. मान्यता नसेल तर नोंदणी नाही, आणि मुलांची चार वर्षे वाया जातात.

मुंबईत वांद्र्याला 1983 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संस्थेला अली यावर जंग यांचे नाव आहे. ते आपल्या हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. या संस्थेचे विभागीय केंद्र सिकंदराबादेत, मनोविकासनगरात आहे. तिथे एकदा चौकशी करून यावी.

सुरुवातीला उशिरा बोलणारी मुले आणि पक्षाघाताचे रुग्णच जास्त येतील. आवाजाचे रुग्ण हळूहळू मिळतात. पण उपचार रुग्णाच्या भाषेत करावे लागतात, आणि घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दखनी बोलणाऱ्या आपल्या मुलांकडे ही शिदोरी आधीपासूनच आहे.