शांत पाणी, फसवं पाणी

कोल्हापूरजवळचा कळंबा तलाव वरून निवांत दिसतो. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही. पोहणाऱ्याला धोका इथेच कळत नाही. समुद्राचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, त्यामुळे तिथे शरीर अधिक तरंगतं. तलावात तेवढाही आधार नाही. उन्हाळ्यात वरचा थर कोमट, खोलवर मात्र गार. एकदम गारठा लागला की नकळत मोठा श्वास घेतला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. काठालगतचा गाळ पाय रुतवतो. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. ओरडायला श्वासच उरत नाही. कुणी गटांगळ्या खाताना दिसलं, तर पोरांनो, उडी मारू नका. दोर किंवा बूच लावलेला रिकामा कॅन फेका आणि लगेच 112 ला फोन करा.